जानकीबाईंची चढण

भिवंडीजवळच्या कोन गावात जानकीबाईंच्या गाडीला हात लावायची कुणाची टाप नाही. गाडी म्हणजे त्यांची चाकांची खुर्ची. साखरेच्या आजाराने उजवा पाय गुडघ्यापासून गेला, तेव्हा दवाखान्यातून ही खुर्ची त्यांच्याबरोबर घरी आली. आठवडाभर त्या तिच्यावर रुसून बसल्या, आणि बसल्या त्याही तिच्यातच. मग गॅरेजवाल्या विशालला बोलावून त्यांनी तिला रिक्षाचा भोंगा बसवून घेतला, आणि दुसऱ्या दिवसापासून गावातल्या कोंबड्या, कुत्री आणि सुना रस्त्याच्या कडेने चालू लागल्या. पायाबद्दल कुणी हळहळलं की त्या म्हणत, बरंच झालं, मच्छरांना निम्मीच जागा उरली.

त्यांचं दुखणं दुसरंच होतं. जानकीबाई धवलारीण. धवले म्हणजे आगऱ्यांची लग्नातली जुनी गाणी, आणि धवलारीण म्हणजे ती म्हणणारी मानाची बाई. आमच्याकडे भटजी उशिरा आला तरी चालतो, बेंजोवाले पिऊन झोपले तरी चालतात, पण धवला झाल्याशिवाय लग्न लागल्यासारखं वाटत नाही. जानकीबाई गाऊ लागल्या की गावचे देव येतात, घरातली गेलेली माणसं नावानिशी बोलावली जातात, आणि इतका वेळ मोबाइलमध्ये डोकं घातलेला नवरदेवही मान वर करतो. आता लग्नं अंगणात होत नाहीत, कारण अंगणंच उरली नाहीत. ती होतात हॉलमध्ये, आणि या मुलखात हॉल बांधणाऱ्याला पायऱ्या किती घालू आणि किती नको असं होतं.

पाय गेल्यानंतरच्या पहिल्याच लग्नात चार पोरांनी त्यांना खुर्चीसकट उचलून वर नेलं. पोरं जिमला जाणारी, पण चौघांची उंची चार तऱ्हेची. खुर्ची कलली, पदर घसरला, एकाने धापा टाकत सांगितलं की आजी वजनाला भारी आहे, आणि वऱ्हाड मोबाइल काढून उभं राहिलं. वर पोचल्यावर जानकीबाईंनी तोंड उघडलं तर पहिली ओळच आठवेना. झोपेतून उठवलं तरी ज्यांना सगळे धवले पाठ, त्यांची जीभ चारचौघांत टाळ्याला चिकटली. त्या दिवशी त्यांनी कानाला खडा लावला. आपल्याला कुणी उचलायचं नाही आणि गाडीला कुणी शिवायचं नाही. पुढची अख्खी लग्नसराई त्या ओट्यावर बसून राहिल्या. लोकांनी मोबाइलवरचे धवले स्पीकरला लावून हळदी उरकल्या, आणि ते आवाज कानावर आले की जानकीबाईंच्या घशाखाली भाकरी उतरत नसे.

अशात शेजारच्या उन्नतीचं लग्न ठरलं. उन्नती त्यांच्या मांडीवर वाढलेली. नवरामुलगा सार्थक गणेशपुरीकडचा, आणि हॉल ठरला गावातल्याच हितेशचा.

हा बाळाराम बँक्वेट हॉल मूळचा गोदाम. भिवंडीत गोदामाची जमीन ट्रकच्या फाळक्याइतकी उंच ठेवतात, म्हणजे ट्रक मागे लावला की माल सरळ आत जातो. भाडेकरू सोडून गेला तसा हितेशने आत झुंबरं टांगली, आजोबांचं नाव दिव्यांत लिहिलं, दारात दोन पांढरेशुभ्र फायबरचे हत्ती उभे केले. जमीन मात्र होती तिथेच राहिली. पुढून चकचकीत पायऱ्या आल्या आणि मागचं शटर तसंच राहिलं. त्यामुळे या हॉलमध्ये आइस्क्रीमचा फ्रीज ओरखडाही न उमटता आत जातो, आणि ते आइस्क्रीम खाणारा माणूस मात्र कठड्याला धरून चढतो. अशी अक्कल आमच्याकडेच पिकते.

हितेशचे वडील भाऊ म्हणजे पाहुणचाराचा कळस. हॉल उघडल्यापासून ते गेटवर प्लास्टिकच्या खुर्चीत बसून एकेकाला हात जोडत. उद्घाटनाची फीतसुद्धा त्यांनी हट्टाने गेटवरच बांधायला लावली आणि तिथेच कापली. आत चला म्हटलं तर विचारत, मग पार्किंग कोण बघणार? जेवणाचं ताटही तिथेच मागवत. लोक म्हणत, जमिनीचा एवढा पैसा आला, पण भाऊंच्या डोक्यात हवा गेली नाही.

उन्नती हितेशकडे गेली आणि म्हणाली, जानकीआजीचा धवला नसेल तर मी बोहल्यावर उभी राहणार नाही. हितेश हसला. त्याच्या मते यात अडचण कसलीच नव्हती. काकींना टेम्पोत बसवायचं, टेम्पो मागच्या शटरला लावायचा, काकी अलगद आत. ही युक्ती त्याला इतकी आवडली की तो ती सांगायला स्वतः जानकीबाईंच्या ओट्यावर आला. त्यांनी ती शेवटपर्यंत ऐकून घेतली.

“मागशी माल जातो,” त्या म्हणाल्या. “मी माल न्हाय.”

मग उन्नतीने शेवटचं सांगून टाकलं, की असं असेल तर लग्न खालीच लागेल, पार्किंगमध्ये, दोन हत्तींच्या मधोमध, आणि असं का म्हणून जो विचारेल त्याला ती हितेशचं नाव सांगेल. हितेशला पैशाचं काही वाटलं नसतं, पण चार गावांत नाक होतं. त्याने त्याच दिवशी दामू गवंड्याला बोलावलं.

दामूचा जन्म गोदामांवर गेलेला. त्याने आजवर उतार बांधले ते मालाच्या हातगाडीसाठी, पुढून चार हमाल ओढतील आणि मागून चार ढकलतील अशा बेताचे. तसाच एक उतार त्याने पायऱ्यांना चिकटवून उभा केला. उभाच केला म्हणायचं. त्यावर हितेशने गुळगुळीत ग्रॅनाइट बसवलं, कारण ते फोटोत चमकतं, आणि ग्रॅनाइटवर लाल गालिचा अंथरला. मग मोठ्या थाटात जानकीबाईंना आणलं. त्या दिवशी आत दुसऱ्या कुणाची हळद होती आणि दारात बेंजोवाले सूर लावत बसले होते. जानकीबाईंनी खालून उताराकडे पाहिलं, मान दुखेपर्यंत पाहिलं, आणि शेजारच्या पायरीवर बूड टेकवून खुर्ची रिकामी केली.

“पयला तू बस,” त्या हितेशला म्हणाल्या.

हितेश पांढरा लिननचा शर्ट आणि गळ्यातली साखळी सावरत बसला. दोन वेटर ढकलू लागले. निम्म्यावर त्यांच्या चपला सरकल्या, मग गालिचा सरकला, आणि मग सगळंच सरकलं. वेटर पोटावर आपटून तिथेच राहिले, पण खुर्ची मालकाला घेऊन उलटी खाली सुटली. हितेशने काहीतरी धरावं म्हणून हात टाकला तो नेमका भोंग्यावर पडला, आणि तो तसाच दाबून धरून त्याने ‘सुस्वागतम्’ची झेंडूची कमान पार केली. नवरदेव आला असं समजून बेंजोवाल्यांनी दणक्यात सुरुवात केली. वाजतगाजत हितेश पाणीपुरीच्या स्टॉलपर्यंत गेला आणि तिखट पाण्याच्या पिंपाशी थांबला.

लागलं कुठेच नव्हतं. जानकीबाई मात्र पदराचा बोळा तोंडात कोंबून हसत होत्या, डोळ्यांतून धारा लागल्या होत्या, आणि वर्षभरात एवढं हसू आलं नव्हतं हे त्यांच्या त्यांनाच जाणवलं. हितेश उठला, अंगावरचा झेंडू आणि पुदिना झटकला, आणि अगदी हळू आवाजात दामूला म्हणाला, फोड हे.

या खेपेला उन्नतीने मोबाइलवर शोधून वाचून दाखवलं, की फूटभर चढायचं तर उताराला बारा फूट लांबी लागते. दामूने फीत धरली, अंगण मापलं आणि डोकं खाजवलं. उतार वळण घेऊन पार गेटपर्यंत येत होता, आणि बरोबर हत्तींच्या जागेवरून जात होता. इथे हितेशचं घोडं अडलं. हॉलमध्ये येणारा जो तो आधी हत्तींशेजारी फोटो काढतो, हत्ती हलणार नाहीत, असं त्याने जाहीर केलं. जानकीबाईंनी गाडी घराकडे वळवली. पुढच्या लग्नसराईतही आपण ओट्यावरच असणार हे त्यांना समोर दिसलं.

तेवढ्यात गेटवरून भाऊ बोलले. हॉलच्या कारभारात त्यांनी आजवर तोंड घातलं नव्हतं.

“हत्ती काढ.”

हितेश म्हणाला, बाबा, हत्ती तुम्हीच पसंत केलेत. भाऊ म्हणाले, म्हणूनच सांगतो, काढ. ते का सांगताहेत हे कुणाला कळेना, पण भाऊंपुढे बोलणार कोण? हत्ती टेम्पोत चढून टेमघरच्या डेकोरेटरकडे गेले. नाक्यावर लोकांनी त्यांना हात जोडले म्हणतात.

लग्नाच्या संध्याकाळी जानकीबाई नवी हिरवी साडी नेसून, गाडीच्या चाकांत अबोली माळून, स्वतःच्या हाताने चाकं फिरवत गेटपर्यंत आल्या. आणि पाहतात तर उतारावर माणूस मावेना. पुढच्या चकचकीत पायऱ्या एकट्या पडल्या होत्या. गुडघेदुखीच्या आत्या उतारावर, कडेवर पोरं घेतलेल्या बाया उतारावर, केटररच्या ताटांची ट्रॉली उतारावर, आणि या सगळ्यांच्या पुढे सार्थकची वरात, कारण चढावर नाचता येतं हा शोध गणेशपुरीवाल्यांना तिथेच लागला होता. एक पाऊल पुढे, दोन मागे. मुहूर्त जवळ आला होता. वरच्या टोकाला हितेश उभा होता आणि त्याला हसावं की रडावं ते कळत नव्हतं.

जानकीबाईंनी भोंगा दाबला तो सोडलाच नाही. बेंजो थांबला.

“जिना कशाला ठेवलाय?” त्या म्हणाल्या. “धडधाकटांनी तिकरून जावा.”

गर्दी दुभंगली. नवरदेव स्वतः ओशाळून पायऱ्यांकडे पळाला. जानकीबाई चढू लागल्या. उतार सोपा होता, खरबरीत होता, हात भरून येत होते पण चाकं ऐकत होती, आणि वर दारात उन्नती मुंडावळ्या बांधून त्यांच्याकडे बघत उभी होती. वळणावर आल्या आणि गाडी जड झाली. पाठीमागच्या मुठीवर कुणाचा तरी हात पडला होता. जानकीबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पाय एकच असला म्हणून आग काही कमी नव्हती. त्यांनी चाक गच्च धरलं.

“कोन ढकलतंय? हात काढ.”

“ढकलत न्हाय, वयनी,” मागून भाऊंचा आवाज आला. दम लागलेला. “धरून चाललोय.”

जानकीबाईंनी वळून पाहिलं. एका हाताने खुर्ची आणि दुसऱ्या हाताने कठडा धरून भाऊ उभे होते. गुडघे लटपटत होते. मागे गेटवर त्यांची प्लास्टिकची खुर्ची रिकामी होती, आणि आज पार्किंग बघायला कुणीच नव्हतं. जानकीबाईंना एकदम सगळं कळलं. गेटवरची फीत कळली, गेटवरचं ताट कळलं. त्यांना हसू आलं आणि रडूही आलं, आणि दोन्ही त्यांनी गिळलं.

“मग नीट धरा,” त्या म्हणाल्या, आणि तिथूनच त्यांनी धवला उचलला. मुद्दाम संथ लावला, भाऊंचं पाऊल पडेल तसा. एकही ओळ अडली नाही.

दारात पोचल्यावर भाऊ थबकले. झुंबरं, आरसे, फुलं, सगळीकडे माणसंच माणसं. त्यांनी मान वर करून छतापर्यंत पाहून घेतलं.

“वयनी,” ते हळूच म्हणाले, “आपला हॉल येवढा मोठा हाय?”