तीन उद्गारचिन्हांचा आग्रह

आमच्या पहूरला पाहुण्याला एकदाच ‘जेवा’ म्हणणं म्हणजे ‘निघा’ म्हणण्यासारखंच. पहिल्यांदा तो नको म्हणणार, दुसऱ्यांदा पोटावरून हात फिरवणार, आणि तिसऱ्यांदा त्याच्या ताटात ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी पडणारच. या वळणात वाढलेली मी फैजपूरजवळ केळी निर्यात करणाऱ्या एका ऑफिसात इंग्रजी ईमेल लिहायला लागले, आणि तिथेही तसाच आग्रह करत सुटले. ‘प्लीज रिप्लाय’पुढे तीन उद्गारचिन्हं. एकच टाकलं तर मला कंजूषपणा वाटायचा. ‘फ्रेश’ हा शब्द मी हटकून अवतरणचिन्हांत बसवायचे, कारण आमच्याकडे लग्नपत्रिकेत नवरदेवाचं नावही तसंच सजवतात.

पदवीनंतर नोकरी करणारी आमच्या घरातली मी पहिलीच मुलगी. भाऊबंद ‘आता पोरीचं उरकून टाका’ म्हणून मागे लागले होते. माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणतो, सगळ्यांना एकच सांगत, ‘तिची नोकरी आहे तोवर लग्नाचा विषय नको.’ नोकरी गेली की विषय निघणार, हे मला न सांगताही कळत होतं.

आणि एक दिवस दुबईच्या व्यापाऱ्याचं उत्तर आलं. तुम्ही माझ्यावर का ओरडताय, असं त्यानं विचारलं होतं. ‘फ्रेश’भोवतीची अवतरणचिन्हं बघून, केळी खरंच ताजी आहेत की थट्टा चाललीय, हेही विचारलं होतं. खुलासा होईपर्यंत माल पाठवू नका, म्हणाला. इकडे बागेत घड कापून झालेले. आमचे शेठ एरवी शांत माणूस. मला ते एका शब्दानं बोलले नाहीत. हिशेब बघणाऱ्या अक्कांना म्हणाले, ‘दुसरी मुलगी बघा.’ मी शेजारच्याच टेबलाशी बसले होते.

अक्का धुळ्याच्या, ऑफिसात सगळ्यांत जुन्या. त्यांनी चष्मा काढला आणि म्हणाल्या, ‘शेठ, हीच राहील. मी शिकवते. पुन्हा असं झालं तर दोघींनाही काढा.’ मी तिथे नवीनच होते, माझी त्यांची धड ओळखही नव्हती तेव्हा. त्यांनी हे का केलं, ते मला आजही ठाऊक नाही, पण त्या एका वाक्यावर माझं पुढचं सगळं उभं आहे.

शेठ आत गेल्यावर त्यांनी मला माझाच ईमेल मोठ्यानं वाचायला लावला. उद्गारचिन्ह आलं की आवाज चढवायचा, असा हुकूम. मी वाचत गेले, चढत गेले, आणि पॅकिंगच्या बायका दारात येऊन हसायला लागल्या.

‘इतली का वरडस तू?’ अक्का त्यांच्या अहिराणीत म्हणाल्या. ‘तो काय बहिरा शे?’

मी हुज्जत घातली. म्हटलं, नुसता पूर्णविराम म्हणजे भाकरी वाढून तोंड फिरवल्यासारखं होतं. कसं दिसेल ते?

‘तो तठे जेवाले नही बठेल शे. एकदाव सांगं ना, त्याले समजनं. आते गप बस.’

मग मी नव्यानं लिहिलं. नावापुढे स्वल्पविराम, साधी माफी, केळी आज सकाळीच कापली आहेत, पूर्णविराम. शेवटी काहीतरी गोड टाकायला माझी बोटं शिवशिवत होती. अक्कांनी माऊस काढून घेतला. संध्याकाळी ‘पाठवा’ म्हणून उत्तर आलं. शेठनी चहा मागवला आणि त्यात माझाही कप होता. नोकरी राहिली हे मला तसं कळलं.

आता अक्का निवृत्त होऊन धुळ्याला असतात. माझे ऑफिसचे ईमेल धुतल्या तांदळासारखे असतात. अक्कांना मात्र मी मुद्दाम जुन्याच पद्धतीनं लिहिते. ‘लोणचं पाठवलंय!!!’ त्यांचं उत्तर येतं, ‘मिळालं.’

गेल्या हिवाळ्यात आबांना जळगावला दवाखान्यात ठेवलं. वॉर्डाबाहेरच्या बाकावरून मी अक्कांना मेसेज केला. ‘आबांना ॲडमिट केलंय. आता बरे आहेत. काळजी करू नका.’ दुसऱ्या दिवशी दुपारी अक्का वॉर्डाच्या दारात उभ्या, हातात डबा, गुडघे दुखत असताना एसटीनं आलेल्या.

‘अहो अक्का, काळजी करू नका असं लिहिलं होतं ना मी?’

‘लिखेल व्हतं,’ त्या म्हणाल्या. ‘पन एक बी उद्गारचिन्ह नव्हतं. म्हनीसन उनू.’

आदल्या दिवसापासून आवरून धरलेलं रडू मला तिथेच फुटलं. कॉटवरून आबा बारीक आवाजात म्हणाले, ‘अक्का, जेवल्याशिवाय जाऊ नका.’ त्यांना दुसऱ्यांदा म्हणायला लागू नये म्हणून अक्का लगेच त्यांच्याशेजारी बसल्या आणि डबा उघडला.