नवी सिस्टीम आणि मानाच्या चार खुर्च्या

जिनिंगमध्ये दोन हंगाम काढले की रुई नाकात बसते आणि किस्से डोक्यात. रुई शिंकरून निघते. किस्से निघत नाहीत, कारण दर आठवड्याला कुणीतरी वडीलधारा ताजा तयार करून देतो. आमची जिनिंग घनसावंगी रोडला. मी तिथं कॉम्प्युटर, प्रिंटर, वायरी बघतो. पॉलिटेक्निक मधेच सोडलं, त्यामुळं माझं म्हणणं खरं निघालं तरी ते धरत नाहीत. हे सगळे किस्से जुनी सिस्टीम काढून नवी बसवली तेव्हाचे. हसा खुशाल. माझं हसू तेव्हाच संपलं.

*

सिस्टीम निवडायला तीन कंपन्या बोलावल्या. निवडणार कोण? नाना! म्हणजे थोरले मालक, ज्यांना फोनसुद्धा दुसऱ्यानं लावून द्यावा लागतो.

पहिला पोरगा पुण्याचा. कापसाची आवक, गाठी, सरकी, बिलं, सगळं स्क्रीनवर मन लावून दाखवलं. नानांनी शेवटी एकच प्रश्न विचारला, "गाव कोणतं तुमचं?"

"पुणे."

"ते झालं. मूळ गाव?"

"पुणेच."

नानांचा चेहरा पडला. दुसरा तर चहावरच परत गेला. तिसऱ्याचा मामा मात्र धावड्याचा निघाला, आणि नानांची सासुरवाडी त्याच भागातली. मंग काय! पाहुणेरावळे जुळवण्यात दुपार गेली. "म्हणजे तुम्ही आमचे भाचेच की!"

मी म्हणालो, "नाना, सिस्टीम बघायची राहिली."

"माणूस बघितला ना? पोरगी देताना घर बघतात, चूल न्हाई!"

*

या भाच्यानं सांगितलं, विंडोज काढू, लिनक्स टाकू. ते फुकट असतं, पैसे फक्त आमच्या सॉफ्टवेअरचे.

आप्पा म्हणजे नानांचे चिरंजीव, साठीला टेकलेले, सगळा कारभार त्यांच्या हातात. ते उखडले. "फुकट? फुकटात फक्त दुखणं येतं!"

भाचा समजावून समजावून थकला. दुसऱ्या दिवशी कोटेशनमध्ये लिनक्सच्या पुढं एक आकडा टाकूनच आला. आप्पांनी घासाघीस करून तो निम्म्यावर आणला, आणि पुढं कितीतरी दिवस भेटेल त्याला सांगत होते, "निम्म्यात काढली!"

*

मी एकच गोष्ट सारखी विचारत होतो. वजनकाट्याचं सॉफ्टवेअर जुनं आहे, ते नव्या सिस्टीमवर चालतं का, हे आधी तपासा.

आमचे मुनीमजी, केस पिकले तेव्हापासून हिशोब बघतात, चष्म्यावरून माझ्याकडं बघत म्हणाले, "ज्याचं कॉलेज पुरं झालं न्हाई त्यानं कंपनीला शिकवू नये."

मुहूर्ताच्या दिवशी कापसाच्या गाड्या गेटपासून पार रोडपर्यंत लागल्या होत्या. नारळ फुटला. नानांनी बटण दाबलं (ते मॉनिटरचं होतं, पण टाळ्या वाजल्या). पहिला ट्रॅक्टर काट्यावर चढला, आणि स्क्रीनवर आकडाच येईना!

शेतकरी आई-बहीण काढायला लागले. मुनीमजींनी मॉनिटरवरून लिंबू उतरवलं. खोटं सांगत नाही, लिंबू! शेवटी मी भंगारात टाकलेला जुना कॉम्प्युटर पाठीवर मारून आणला, काट्याला जोडला, आकडा आला.

आप्पा गेटवर उभे राहून लोकांना सांगत होते, "बघा, नवी सिस्टीम किती जल्दी दुरुस्त झाली!"

*

आता ट्रेनिंग. आमच्या ऑफिसात सगळी एन्ट्री एकच बाई करते, सुनंदाताई. नवरा नावाला, पोरगी जालन्याला नर्सिंगला, घर तिच्या पगारावर. जीभ अशी की मुनीमजी तिच्या टेबलाला वळसा घालून जातात.

कंपनीनं ट्रेनिंगला चार जागा दिल्या, संभाजीनगरला, एसी हॉटेलात. चार खुर्च्या कुणाला? मानानं! नाना, आप्पा, मुनीमजी आणि आप्पांचे जावईबापू. जावयाला नेलं नाही तर रुसवा निघतो, आणि रुसवा सिस्टीमपेक्षा महाग पडतो.

"अन् मी?" ताईनं विचारलं.

"तू आल्यावर इथलं काम कोण करंल?" आप्पा म्हणाले.

"तुम्ही चौघं जाऊन राह्यलात, तरी काम थांबंना. म्हणजे काम कोण करतं ते कळलं!"

परत आल्यावर मी नानांना विचारलं, काय शिकलात? नाना म्हणाले, "पनीर बराबर होतं." जावईबापू पहिल्या तासालाच झोपले होते. ट्रेनिंगची पुस्तकं चौघांनी ताईच्या टेबलावर टाकली, आणि काही अडलं की तीच त्या भाच्याला फोन लावून विचारायला लागली.

*

शेवटी कंपनीची ऑनलाइन परीक्षा आली. साठ मार्कांना पास, एकदाच देता येणार, आणि पास होईल त्यालाच लॉगिन. त्यावर आप्पांनी हुकूम काढला, "ज्याला लॉगिन न्हाई, त्याला या हंगामापासून काम न्हाई. घरचा असो, बाहेरचा असो!" मालकाला कोण काढतंय? परीक्षेच्या लिंका ट्रेनिंगच्या चौघांनाच आल्या होत्या. भाच्यानं ताईसाठी पाचवी दिली, तेव्हा तिच्या जिवात जीव आला. पोरीचं शेवटचं वर्ष होतं.

मंग आप्पा तिच्या टेबलापाशी आले. "सुनंदा, आमच्या चौघांची बी तूच सोडव. पण मानानं."

मानानं म्हणजे? नाना म्हणाले, "सगळ्यात वर मला ठेव. पण शंभर नको, गर्व दिसतो." पंच्याण्णव. आप्पा म्हणाले, "बापापेक्षा हुशार दिसणं बरं न्हाई." नव्वद. मुनीमजी म्हणाले, "मालकाच्या खाली, पण जावयाच्या वर. वय हाये माझं." ऐंशी.

जावईबापू तिच्या कानापाशी वाकले. "ताई, मला फक्त काठावर पास करा. हुशार दिसलो तर सासरे ऑफिसात बसवतील." साठ!

मी शेजारीच उभा होतो. ताई आधी सगळी उत्तरं बरोबर करायची, मग मोजून मोजून चुकीची करायची. म्हणाली, "बरोबर कुणाचंबी येतं रे. हुकमी चुकायला अक्कल लागते."

चौघं पास झाले. पेढे आले. मग तिनं स्वतःची लिंक उघडली. मागं आप्पा उभे होते. त्यांच्याकडं न वळताच तिनं विचारलं, "आप्पा, आता माझी. मी किती पाडू?"

आप्पा वाकून चौघांचे मार्क बघायला लागले. वरून खाली, परत वरून खाली.

"साठाला पास हाये, आप्पा," मी म्हणालो.

"तू गप रे."

मग त्यांनी तिच्या हातावर एक पेढा ठेवला.

"जावयाच्या खाली ठेव," ते म्हणाले. "घरचा जावई हाये."