हरवलेल्या मुलाचा दाखला

माझा स्वभाव संशयी आहे, आणि त्याने माझं कधी नुकसान झालेलं नाही. उभी हयात छापखान्यात मुद्रितं तपासण्यात गेली. छापलंय म्हणजे बरोबरच असेल असं मानणारा माणूस त्या कामात टिकत नाही.

निवृत्तीनंतर नवीन पनवेलला राहायला आले, तोवर मी चर्चला जाणं सोडून दिलं होतं. देव सोडला नव्हता, मधली माणसं सोडली होती. माहेरच्या चर्चमध्ये बाप्तिस्मा पाणी शिंपडून व्हायचा. सासरचे म्हणाले, तो धरतच नाहीत, पाण्यात बुडवूनच झाला पाहिजे. इथे आल्यावर तिसऱ्याच एका चर्चचे पाळक घरी आले आणि त्यांनी पहिल्या दोघांनाही मोडीत काढलं. तिघांच्या हातात पुस्तक तेच. मग मी म्हटलं, तुमचं राहू द्या, मूळ मजकूर माझा मीच तपासते. डावीकडे बायबलचं जुनं भाषांतर, उजवीकडे नवं आणि हातात पेन्सिल, असा माझा दुपारचा अभ्यास सुरू झाला. ‘हा शब्द का बदलला?’ असं समासात लिहिताना जे सुख व्हायचं, ते मला कुठल्याच प्रवचनात मिळालं नव्हतं. एकटीने वाचून माणूस भरकटतो, असा पाळकांचा निरोप आला. घोळक्यानेही भरकटतो, असं मी उलट कळवलं.

खालच्या मजल्यावर एक म्हातारी राहायची. उरणकडच्या गावची, आगरी. शेत आणि मिठागर सरकारी भूसंपादनात गेलं आणि ती थोरल्या मुलाबरोबर फ्लॅटमध्ये आली. मुलगा बांधकामाच्या धंद्यात, शिवाय आमच्या सोसायटीचा चेअरमन. एका दुपारी ती माझ्या दारात येऊन उभी राहिली.

“बाय, तुमी मोट्यानं वाचता ते खाली ऐकू येतं. मी आत बसून ऐकू का?”

माझ्या मनात लगेच पाल चुकचुकली. चेअरमनची आई आपण होऊन बायबल ऐकायला येते? मुलानेच पाठवलं असणार, वरची बाई कुणाला बाटवते का ते बघायला. तिला मी आत घेतलं, पण कितीतरी दिवस नुसत्या वंशावळ्या वाचून दाखवल्या. अमक्याचा मुलगा तमका, तमक्याचा ढमका. हेर असेल तर कंटाळून जाईल. ती कसली कंटाळते! “आमच्या सातबाऱ्यावानीच हाय,” म्हणाली आणि मांडी घालून नीट बसली.

शेवटी मी दाखले काढले. येशूने लोकांना सांगितलेल्या छोट्या गोष्टींना जुन्या भाषांतरात ‘दाखले’ म्हटलंय. पेरणाऱ्याचा दाखला, हरवलेल्या मेंढराचा दाखला. तिला तो शब्द फार आवडला. “आज कंचा दाखला?” असं विचारतच ती जिना चढायची. त्यातही हरवलेल्या मुलाचा दाखला ती पुन्हा पुन्हा वाचायला लावायची. धाकटा मुलगा बापाकडून आपला वाटा मागून घेतो, परमुलखात जाऊन उधळतो आणि खायची भ्रांत पडल्यावर परत येतो. बाप धावत जाऊन त्याला मिठी मारतो, घरात मेजवानी मांडतो. थोरला, जो इतके दिवस घरी राबला, तो मात्र रागावतो आणि घरात पाऊलच टाकत नाही. बाप बाहेर जाऊन त्याची समजूत घालतो.

सारखं हेच का, म्हणून मी एकदा खोदून विचारलं. तेव्हा पदराशी चाळा करत तिने सांगितलं, तिलाही एक धाकटा आहे. जमिनीच्या पैशांवरून भावाभावांत जुंपली आणि तो घर सोडून गेला तो गेलाच. थोरल्यासमोर त्याचं नाव काढायची सोय नव्हती. “तुमच्या बुकातला आला ना परत? मंग माझा पण येल,” ती म्हणाली. मला तिच्या तोंडाकडे बघवेना. हेराची शंका मी त्या दिवशी मनातून काढून टाकली.

त्यानंतर एका दुपारी घरून निघताना ती सुनेला सांगून आली, “वरच्या बाईकडं चाल्ले, हरवलेल्या मुलाचा दाखला घ्यायला.”

आता पनवेल-उरणच्या माणसाला दाखला म्हणजे काय ते सांगायला नको. प्रकल्पग्रस्ताचा दाखला, वारसाचा दाखला. त्या कागदापायी इथे सख्खे भाऊ कोर्टात गेलेत. सुनेने नवऱ्याला फोन लावला आणि थोड्याच वेळात चेअरमन माझ्या दारात.

“म्याडम, कागद दाखवा,” तो म्हणाला. पायात चपला तशाच, उंबऱ्याच्या बाहेर उभा.

“कसला कागद?”

“आमाला येडं समजू नका. आयेला भरीला घालून धाकट्याचा वारस दाखला काढताय ना? त्यानंच पाठवलंय तुमाला!”

मला हसूही आलं आणि संतापही. मी पुस्तक उघडून त्या गोष्टीवर बोट ठेवलं. त्याने ते बाहेरूनच हातात घेतलं, मागून-पुढून पाहिलं, आत काही खोचलेलं नाही ना म्हणून झटकलं. मग उभ्या उभ्या ओठ हलवत वाचायला लागला. थोरल्या भावापाशी आला तेव्हा त्याचे ओठ थांबले.

“मंग? तो मोटा घरात गेला का नाय?”

“ते लिहिलेलं नाही,” मी म्हटलं.

“लिहिलं नाय का तुमी सांगत नाय?”

त्याने पान उलटलं. पुढे भलतीच गोष्ट, कुणा कारभाऱ्याची. त्याने पानांचे आकडे जुळवून बघितले आणि माझ्याकडे रोखून पाहिलं. “पान फाडलंय कुणीतरी.”

मला तो माणूस पहिल्यांदाच आवडला. त्या जागी माझ्याही मनात कायम तेच आलं आहे. दोन्ही भाषांतरं ताडून पाहिली, थोरला आत गेल्याचं कुठेच नाही. ‘इथे मजकूर गळला आहे का?’ असं मी समासात कधीच लिहून ठेवलंय.

म्हातारी इतका वेळ आतच बसली होती. ती भिंतीला धरून उठली, उंबरा ओलांडून बाहेर गेली आणि तिने थोरल्याचं मनगट धरलं.

“आत ये.”

“आदी सांग, तो येणार हाय का?”

“मना काय म्हाईत? तू तर हाय ना माझ्याजवल? मंग भायेर का उबा?”

त्याने मनगट सोडवून घेतलं नाही. जिन्याकडे बघत राहिला. मग एका पायातली चप्पल काढली आणि तसाच थांबला. तिथे उभं राहून बघत बसणं मला बरं वाटेना. मी स्वयंपाकघरात गेले आणि तिथूनच म्हटलं, “तिघांचा चहा टाकते.”

“चौघांचा टाका,” म्हातारी बाहेरून म्हणाली.

आता हा भडकणार, अशी माझी खात्री होती. मी पातेलं हातात धरून कान टवकारले. मग फरशीवर दुसरी चप्पल पडल्याचा आवाज आला.