भावाच्या वतीने

माझा मोठा भाऊ अबोल होता, असं आमच्या गावात कुणालाही विचारलं तरी सांगतील. मीही आयुष्यभर तेच सांगत आलो. आता मला तसं म्हणवत नाही.

तो बोलताना अडखळायचा. पहिलं अक्षर घशात अडकायचं, मान ताठ व्हायची, डोळे मिटले जायचे. आमच्या शाळेत पहिली ते चौथी एकाच खोलीत बसायची. तो चौथीत होता, मी दुसरीत. नवे गुरुजी आले आणि त्यांनी त्याला नाव विचारलं. तो उभा राहिला, पण अक्षर निघेना. पोरं हसायला लागली. मी उठलो आणि त्याचं नाव सांगून टाकलं. गुरुजी म्हणाले, "तू काय याचा वकील आहेस का बे?" पोरं पुन्हा हसली, पण आता माझ्याकडे बघून. भाऊ खाली बसला आणि त्याने माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत सुटका होती असं मी इतकी वर्षं धरून चाललो होतो.

मग ते रोजचंच झालं. दुकानात त्याला काय हवं ते मी सांगायचो. दवाखान्यात त्याचं कुठे दुखतं ते मी सांगायचो. त्याच्यासाठी मुलगी बघायला गेलो तेव्हा मुलीच्या वडिलांनी विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर मीच दिलं. लग्नानंतर वहिनी मला चिडवायची, "भाऊजी, मले तर वाटलं, नवरदेव तुम्हीच आहात. मांडवात गेल्यावर समजलं."

आम्ही ढिवर. चंद्रपूर जिल्ह्यातल्या आमच्या गावचा तलाव मासेमारी संस्थेकडे आहे आणि मी संस्थेचा सचिव. तहसीलमध्ये, पंचायतीत, सभेत सगळीकडे मीच बोलतो. बोलणं हा माझा स्वभाव आणि गप्प राहणं हा भावाचा, अशी वाटणी होती. ती कुणी केली, हे आमच्यापैकी कुणालाच कधी विचारावंसं वाटलं नाही.

उन्हाळ्यात तो एकटाच सिरोंच्याला जायचा, गोदावरीवर. तिथल्या मच्छीमारांबरोबर दोन महिने राहून परत यायचा. मी कधी गेलो नाही. तिथे तो कसा राहत असेल, याची मला काळजी वाटायची. बोलत नाही, निभावत कसं असेल?

आमच्या तलावात मोठं जाळं ओढण्याची एक रीत आहे. हिवाळ्यात पहाटे पाण्यावर धुकं असतं, शेजारचा माणूसही दिसत नाही. बारा-चौदा जण जाळ्याच्या मागे रांगेने गळ्याएवढ्या पाण्यात उभे राहतात. जाळ्याची खालची दोरी पायाने चिखलात दाबून धरायची, नाहीतर मासोळी खालून निसटते. पाळीवरून, म्हणजे तलावाच्या बांधावरून, म्हातारा म्होरक्या हाक देतो, आणि एका टोकापासून प्रत्येकाने आपापल्या पाळीला "हाव" म्हणायचं. हाव म्हणजे हो. माझी दोरी दाबलेली आहे, मी मोकळा आहे, ओढा. एक जरी हाव आला नाही तरी जाळं जागचं हलत नाही.

भाऊ उंच होता, म्हणून खोल जागी उभा राहायचा. त्याच्या शेजारी मी. तो हाव म्हणत नसे. वरच्या दोरीला दोन झटके द्यायचा. ते माझ्या हाताला समजायचे आणि मी त्याच्या वतीने हाव म्हणायचो, मग माझा. म्होरक्या ओरडायचा, "अरे, त्याच्या तोंडात मासोळी आहे का? एकाच तोंडातून दोन हाव काऊन येते?" सगळी रांग हसायची. धुक्यात भाऊ हसायचा की नाही, ते मला दिसायचं नाही.

त्या दिवशी धुकं जास्त होतं. पाणी इतकं थंड होतं की हातापायांना फारसं काही कळत नव्हतं. म्होरक्याची हाक आली. एकेक हाव पुढे सरकत आमच्याजवळ आला. दोरीला झटके बसले. दोन नाहीत, जास्त बसले, आणि जोराने बसले. ते मला तेव्हाच कळलं होतं. पण हाक थांबलेली, माणसं गारठलेली, सगळे वाट पाहत होते, आणि वाट पाहणं मला कधी जमलंच नाही. मी हाव म्हणालो. त्याचा. मग माझा.

दोन्ही टोकांकडून जाळं ओढलं गेलं. त्याचा पाय कमळाच्या देठांत आणि खालच्या दोरीत गुंतला होता, हे नंतर समजलं. मधे जाळं जड लागलं. "आज कतला चांगला मोठा दिसते," असं कुणीतरी म्हणालं. कुणीतरी म्हणालं असं लिहून मी पुन्हा पळवाट काढतो आहे. ते मीच म्हणालो.

तो जाळ्याबरोबर निष्प्राण बाहेर निघाला तेव्हा पाळीवर बायका टोपल्या घेऊन उभ्या होत्या. त्यांत वहिनी होती.

त्यानंतरचे दिवस मी फारच कमी बोललो. लोकांना ते दुःख वाटलं. दुःख होतंच, पण त्याखाली भीती होती. पोलीस जमादाराने विचारलं, काय झालं? मी सांगितलं, "साहेब, त्यानं आवाज दिला नाई." या वाक्यात एकही शब्द खोटा नव्हता. गावही तेच बोलू लागलं. एक हाक मारली असती तर वाचला असता, स्वभाव नडला बिचाऱ्याचा. वहिनीच्या माहेरच्या माणसांनीही मान हलवली. माझ्या एका होकाराने झालेलं सगळं त्याच्या स्वभावावर गेलं, आणि मी ते जाऊ दिलं.

तेरवीला सिरोंच्याहून एक माणूस आला. काळा, ठेंगणा, मोडकं मराठी बोलणारा. बसने दिवसभर प्रवास करून आला होता. जेवणानंतर तो माझ्याशेजारी बसला आणि म्हणाला, "तुमचा अन्ना गेला, आता आमच्या रेतीवर संध्याकाळी काही मजा नाई. लई हसवे आम्हाले."

मला वाटलं, हा दुसऱ्याच कुणाबद्दल बोलतो आहे. मी म्हणालो, "तो तर बोलत नव्हता."

"कोण म्हणते? आमच्या म्होरक्याची नक्कल करे. सासूची गोष्ट सांगे, माकडाची सांगे."

"अडखळत नव्हता?"

"अडके ना. कधी कधी लई अडके." त्याला त्यात काही विशेष वाटत नव्हतं. "आम्ही बसून राहू. एखादा बिडी पेटवे. तवरी त्याचं निघे. आम्हाले काय घाई आहे?"

मी उठून मागच्या अंगणात गेलो आणि हात धुण्याच्या निमित्ताने बराच वेळ तिथेच थांबलो.

स्वभाव कशाला म्हणावं, ते मला अजून नीट कळलेलं नाही. तोच माणूस, तीच जीभ. एका नदीवर तो गोष्टी सांगत होता, आणि आमच्या तलावात दोरीला झटके देत होता. फरक एवढाच की तिथे मी नव्हतो. त्याची जीभ अडत होती हे खरं आहे. पण त्याला मुका मी केलं, आणि ते सगळं मदत म्हणून केलं. आणि मी, ज्याला बोलका म्हणतात, तो जमादारापुढे आणि वहिनीपुढे एक वाक्य बोलू शकलो नाही. माझाही स्वभाव प्रसंग पाहूनच चालत होता.

वर्षभर मी ते वाक्य घेऊन फिरलो. शेवटी एका दुपारी वहिनी उन्हात लाखोळीची डाळ निवडत बसली होती, तेव्हा मी सांगून टाकलं. त्या दिवशीचा त्याचा हाव मी म्हणालो होतो. झटके वेगळे होते ते मला कळलं होतं, तरी म्हणालो.

तिचा हात सुपात थांबला. मग ती म्हणाली, "मले माहीत आहे."

"कसं काय?"

"मी पाळीवरच होती ना. तुमचा आवाज मले ओळखू येत नाई का?"

"मग बोलल्या काऊन नाई?"

"काय बोलू? रोज तुम्हीच म्हणत होते. मीबी ऐकलं अन् टोपली झटकत राह्यली." तिने सूप खाली ठेवलं. "भाऊजी, मीबी कधी थांबली नाई त्याच्यासाठी. तो तोंड उघडे, तवरी मी ताटात भाजी वाढून देई. त्याले भाजी पाहिजे होती का काय, देव जाणे."

ती रडली असती तर मला बरं वाटलं असतं. तिने मला शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं. तिने पुन्हा खडे वेचायला घेतले आणि विचारलं, "तो सिरोंच्याचा माणूस सांगे, ते खरं आहे?"

"खरंच असेल."

"माकडाची गोष्ट कोणती, ते सांगितलं त्यानं?"

मी विचारलं नव्हतं.

यंदा मिरची तोडायला आमच्या गावच्या बायका गोदावरीच्या पलीकडे गेल्या, तेव्हा वहिनीही निघाली. काम आटोपल्यावर येताना सिरोंच्याला दोन दिवस थांबणार, त्या लोकांना भेटणार, असं तिने ठरवलं होतं. मी सोबत येतो म्हणालो. तिथली भाषा वेगळी, माणसं अनोळखी.

"तुम्ही नका येऊ," ती म्हणाली. रागाने नाही. "तुम्ही आले तर ते तुमच्याशीच बोलतील."

मी गेलो नाही.

तिला परत येऊन आता दोन महिने झाले. तिथे तिने काय ऐकलं, ते तिने सांगितलेलं नाही. परवा ती आमच्या दारात येऊन उभी राहिली, चौकटीला हात लावून. काहीतरी सांगणार होती, असं मला वाटलं. तिच्या वतीने बोलायचं वाक्य माझ्या ओठांवर तयार होतं, ते मी गिळलं आणि थांबलो. बराच वेळ थांबलो. तिने एकदा माझ्याकडे पाहिलं, पदर सावरला आणि आपल्या घरी निघून गेली.