शाळेच्या छपराची बोली

नाशकातल्या भाजीबाजारात गोटीरामाचा आवाज ओळखत नाही असा माणूस सापडणं कठीण होतं. गोदागंगेच्या काठावर सकाळी वांग्यांच्या पाट्या उतरल्या, की हा गडी एका उपड्या टोपलीवर चढायचा आणि पुकारायला लागायचा. अंगाने काडीपैलवान, उंचीने बेताचा, पण पलीकडे धुणं धुणाऱ्या बायकांना मेथीचा आजचा भाव त्याच्या तोंडून कळायचा. त्याची बायको साळूबाई म्हणायची, घरात मात्र याला मीठ मागायचं तरी दोनदा खाकरावं लागतं.

या धंद्याला गळा मोठा आणि पोट खोल लागतं, असं त्याचं म्हणणं होतं. व्यापारी लोक लिलावाआधी त्याच्या कानाशी येऊन, आपण कुठवर जाणार ते सांगून ठेवायचे आणि दुसऱ्या कामाला निघून जायचे. मग गोटीराम त्यांच्या वतीने पुकारा चढवायचा. कोणाचा हात किती सैल आणि कोणाचा किती आखडता, हे सगळं त्याला ठाऊक. पण पंचवीस वर्षांत त्यातलं अक्षर बाहेर गेलं नव्हतं. साळूबाईलासुद्धा नाही, आणि तिने काही कमी खोदून विचारलं नव्हतं.

हा माणूस चार इयत्ता शिकला तो पाद्रीबाबांच्या शाळेत. मखमलाबादच्या वाटेवरच्या माळ्याचं पोर कॅथलिक शाळेत कसं गेलं, त्याला कारण प्लेग. अठराशे सत्त्याण्णव साली गाव ओस पडलं, लोक रानात झोपड्या बांधून राहिले. तेव्हा चर्चच्या म्हाताऱ्या फादरांनी पेठच्या जंगलातून सागवान आणवलं आणि त्या झोपड्यांमध्येच एक लांबलचक छप्पर उभं केलं. भिंती नव्हत्याच. खाली पोरं, वर कौलं. माळ्याचं, कोळ्याचं, महाराचं, मुसलमानाचं, ज्याचं जिवंत असेल ते पोर खाली येऊन बसायचं. झोपड्या आज इथे तर उद्या तिथे हलायच्या, म्हणून झिपरू सुताराने प्रत्येक खांबावर, तुळईवर, वाशावर पटाशीने आकडा कोरून ठेवला होता. आकड्याला आकडा जुळवला की तीन दिवसांत शाळा पुन्हा उभी. प्लेग सरल्यावर ती तशीच गाड्यांवर लादून चर्चच्या आवारात आली. त्या गाड्यांच्या मागून आठ वर्षांचा गोटीराम लाकडी पाचरा ओटीत घेऊन चालत आला होता, आणि त्याच्या बरोबर इसाक.

इसाक हा फादरांच्या स्वयंपाक्याचा मुलगा. त्याची आई प्लेगात गेली. त्यानंतर दोन वर्षं गोटीरामाची आई रोज एक भाकरी जास्त थापायची आणि गोटीराम ती शाळेत न्यायचा. दोघे एका पाटावर बसायचे, एका पाटीवर लिहायचे, आणि मार पडला तर तोही वाटून घ्यायचे. पुढे गोटीराम बाजारात गेला. इसाक शिकत राहिला आणि त्याच शाळेचा हेडमास्तर झाला. रस्त्यात भेटला की सगळ्यांदेखत ‘गोट्या’ म्हणून हाक मारायचा. गोटीरामाला त्याचा अभिमान वाटे. आपल्याला गोट्या म्हणणारा एक हेडमास्तर आहे, ही काही लहान गोष्ट नव्हती.

छत्तीस सालच्या जानेवारीत शाळेची दगडी इमारत अर्ध्यावर आली आणि पैसा संपला. तेव्हा नव्या फादरांनी फॅन्सी फेअर भरवायचं ठरवलं. खेळ, खाऊचे ठेले, बँड, आणि शेवटी लिलाव. लिलावात सगळ्यात मोठी वस्तू म्हणजे ते जुनं छप्पर, लाकूड आणि कौलांसकट. इसाक मास्तर स्वतः बाजारात आले आणि म्हणाले, “गोट्या, पुकारायला तूच हवास. तुझ्या तोंडून निघालं की लोकांना खात्री वाटते.”

गोटीराम भलताच खुलला. त्या आठवड्यात त्याने ही बातमी मिरच्यांच्या गिऱ्हाइकालाही सांगितली आणि कोथिंबिरीच्याही.

त्याच आठवड्यात दिंडोरीकडून तानुबाई आली. तिचा नवरा मिशनचा उपदेशक होता, तो वारल्यावर त्याची शाळा तिनेच चालू ठेवली. शाळा म्हणजे करंजाचं झाड आणि खाली तीस पोरं. पावसाळ्याचे चार महिने सुट्टी, आणि त्या चार महिन्यांत पोरं शिकलेलं सगळं विसरून मोकळी. पन्नाशीची, सावळी, सडसडीत बाई. बाजाराच्या गोंगाटात ती टोपल्यांमधून वाट काढत गोटीरामापुढे उभी राहिली.

“भाऊ, ते शाळंचं छप्पर आमच्या वस्तीला पायजे. चार महिने झाले, वर्गणी जमवतोय. कोनी कोंबडी इकली, कोनी शेळी. पन बोली कशी लावत्यात ते मला काय ठावं नाय.”

गोटीरामाने तिला बाजूला नेऊन सगळं नीट समजावलं. एकदम उडी मारायची नाही. पाचापाचाने चढायचं. चेहऱ्यावर काही दिसू द्यायचं नाही. “आनि कुठवर जायचं तेवढं मला सांगून ठेवा,” तो म्हणाला. “म्हंजी तुमी तिथवर आल्या का मी रेंगाळायचो नाय, झटकन तीन म्हनून मोकळा होईन. दुसऱ्या कोनाला सांगू नका. फादरांनाबी नको.”

तानुबाईने इकडेतिकडे पाहिलं, खाली बसली आणि बोटाने धुळीत आकडा काढला. एकशे पंच्याऐंशी. गोटीरामाने मान हलवली तशी तिने तो तळव्याने पुसला. “यापल्याड एक पैसा नाय आमच्यापाशी,” ती म्हणाली.

फेअरच्या आदल्या दिवशी दुपारी गोटीराम आवारात गेला. त्या जुन्या छपराखाली इसाक मास्तर एकटेच बसले होते. त्यांनी चहा मागवला. जुन्या गोष्टी निघाल्या, प्लेगातल्या, भाकरीच्या. मास्तरांचे डोळे भरून आले, आणि गोटीरामाचे तर त्याआधीच भरले होते. मग मास्तर सहज म्हणाले, “दिंडोरीची ती बाई कुठवर जाईल रे? गरीब माणसं आहेत. कळलं तर मी फादरांना सांगून ठेवीन, बोली तिच्या आवाक्यात राहील असं बघू.”

गोटीरामाने बशीतला चहा फुंकला. पोट खोल होतं, पण पुढ्यात इसाक होता.

“अरे, आपल्यात कसला पडदा?” मास्तर म्हणाले.

आणि पंचवीस वर्षं जे झालं नव्हतं ते झालं. गोटीरामाने आकडा सांगितला. चांगल्यासाठीच सांगितला. वर “त्या बाईचं भलं कर, इसाक,” असंही म्हणाला. भोळेपणाला काही वयाची अट नसते, आणि ज्याच्यासाठी आपल्या आईने भाकरी थापली त्याच्याजवळ माणूस हिशेबाने वागत नाही.

रविवारी आवारात नुसती जत्रा उसळली. रंगीत कागदाच्या पताका, देवळालीच्या कॅम्पातला बँड, गोवेकर बायकांचे केक, लिंबू-चमच्याची शर्यत. लिलावाला सुरुवात झाली ती एका लाल भोपळ्यापासून. तो एका वकिलाने दोन रुपयांना घेतला आणि लगेच देवाच्या नावाने परत देऊन टाकला. गोटीराम चक्रावला. तेव्हा त्याला कळलं की इथली रीतच अशी, घेतलेली वस्तू पुन्हा लिलावाला द्यायची. तो भोपळा पाचदा विकला गेला. “माझ्या बाजारात हे केलं तर लोक मला भोपळ्यासकट गंगेत सोडतील,” असं त्याने मोठ्याने सांगितलं आणि फादरांसकट सगळे हसले. गोटीराम रंगात आला होता. केक गेले, भरतकामाचा टेबलक्लॉथ गेला, एक करडू गेलं.

मग छपराची पाळी आली. आपण कशाखाली शिकलो ते त्याने आधी चार वाक्यांत सांगितलं. प्लेग सांगितला, म्हातारे फादर सांगितले, झिपरूचे आकडे सांगितले. बायकांनी डोळ्यांना पदर लावले. मग शंभरापासून पुकारा सुरू केला.

एका ठेकेदाराने एकशे पाच म्हटलं. तानुबाई आपल्या वस्तीच्या सात-आठ माणसांना घेऊन पुढेच बसली होती. तिने शिकवल्याप्रमाणे एकशे दहा म्हटलं. चेहरा कोरा. गोटीरामाला मनातून हसू आलं, काय तयार झाली बाई! एकशे पंधरा, वीस, पंचवीस. तानुबाईच्या एकशे चाळिसाला ठेकेदाराने हात झटकला. पुढे कोणी बोलेना. गोटीरामाने “एक” म्हटलं, “दोन” म्हणायला तोंड उघडलं.

“एकशे शहाऐंशी.”

मागच्या खुर्चीवर विंचूरचे कांद्याचे व्यापारी मंगळूशेठ पान लावत बसले होते. मान वरसुद्धा केली नाही त्यांनी.

लोकांनी टाळ्या वाजवल्या, केवढा दिलदार माणूस म्हणून. गोटीरामाच्या मात्र तोंडचं पाणी पळालं. मंगळूशेठला तो वीस वर्षं ओळखत होता. हा माणूस अर्ध्या आण्यासाठी सकाळची न्याहारी लांबवणारा. तो चाळिसावरून एकदम शहाऐंशीवर जातो? आणि शहाऐंशीच? नव्वद नाही, ऐंशी नाही? त्याने इसाक मास्तरांकडे पाहिलं. मास्तर बँडवाल्यांशी काहीतरी बोलत होते आणि इकडे बघत नव्हते.

“एक,” गोटीराम म्हणाला. त्याने इतका वेळ लावला की फादरांनी वळून पाहिलं. तानुबाईने आपल्या माणसांकडे पाहिलं. एका म्हाताऱ्याने कनवटीची पुरचुंडी सोडली, त्यात काय असणार, दोन-चार आणे. “दोन.” गोटीरामाला वाटलं, आपणच बोली लावावी, एकशे नव्वद, दोनशे, घर गहाण टाकू. पण पुकारणाऱ्याने बोली लावायची नसते. सरळ सांगावं, की हा लिलाव खोटा आहे? पण मग तो आकडा बाहेर कसा गेला, तेही सांगावं लागलं असतं.

तानुबाई आता त्याच्याकडे बघत होती. रागाने नाही. समजून घ्यायला बघावं तसं.

“तीन,” गोटीराम म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा त्याला कोणीतरी “मोठ्याने म्हणा” असं सांगितलं.

संध्याकाळी पताका उतरवत होते तेव्हा त्याने मास्तरांना आवाराच्या भिंतीपाशी गाठलं.

“किती घेतलेस?” त्याने विचारलं.

“पैसा एक नाही घेतला, देवाशपथ,” मास्तर म्हणाले. मग खालच्या आवाजात, “माझा फिलिप तीन वर्षं घरी बसलाय, गोट्या. शेठनी त्याला पेढीवर घेतलं. त्यांना वखारीसाठी लाकूड हवंच होतं. मी नुसता आकडा सांगितला. आणि शाळेला बाईच्या आकड्यावर एक रुपया जास्तच मिळाला की!”

“आकडा ठाऊक नसता तर शेठ एवढा चढलाच नसता, छप्पर बाईलाच गेलं असतं! आन नुसतं त्या बाईपायी नाय म्हनत मी. ज्या छपराखाली तुला अक्षर आलं ते कांद्यावर घातलंस. आन माझ्या तोंडानं घातलंस! दुसऱ्यानं केलं असतं तर लाथ मारली असती. तुला काय मारू? केसानं गळा कापलास रे माझा.”

“तुझं कुठे नाव आलंय यात?” मास्तर म्हणाले, आणि त्यांना ते खरंच वाटत होतं. चाळीस वर्षं आपण कोणाला ओळखत होतो, असं गोटीरामाला झालं.

बुधवारी त्याने बाजार बुडवला आणि भल्या सकाळी दिंडोरीची वाट धरली. कनवटीला चाळीस रुपये होते, साळूबाईची पाटली मोडून आणलेले. वस्तीवर पोचला तेव्हा करंजाखाली पाढे चालले होते. तानुबाईने पोरांना लिहायला लावलं, त्याला पाणी दिलं, बसायला पोतं टाकलं.

गोटीरामाने सगळं सांगितलं. काहीही झाकलं नाही. चहा, प्लेगाच्या गोष्टी, मास्तरांचे भरलेले डोळे, फिलिपची नोकरी. सांगता सांगता तो मास्तरांना शिव्या द्यायला लागला आणि पोरांकडे बघून गप्प झाला. “मी पैसा खाल्ला नाय, बाई,” तो म्हणाला. “इसाकानं फसवलं मला. एवढं तुमाला कळावं म्हनून आलो.” आणि त्याने ते चाळीस रुपये पोत्यावर ठेवले.

तानुबाईने नोटांना हात लावला नाही. एका पोराची पाटी तिने सरळ करून दिली. मग म्हणाली, “मास्तरानं तुमाला फसवलं, खरं हाय. वाईट झालं.”

गोटीरामाला वाटलं, सुटलो.

“पन भाऊ,” ती म्हणाली, “मी मास्तराला कुटं वळखते? आकडा मी तुमाला सांगितला व्हता.”