मेक्सिकोचं तोंडीलावणं

माझ्या थोरल्या जाऊबाई कानांनी चव घेत. कुणी लग्नाला जाऊन आलं की त्या नवरीचं लुगडं विचारत नसत, जेवायला काय होतं ते विचारत. 'चांगलं होतं' एवढ्यावर त्यांचं भागत नसे. "चांगलं तं समदंच असतंय. घास गिलल्यावर तोंडात काय राह्यलं, ते सांग." सांगणाऱ्याला घाम फुटे, पण थोड्याच दिवसांत तो पदार्थ थळच्या आमच्या कोळीवाड्यात त्यांच्या चुलीवर रटरटत असे, आणि बहुतेक वेळा मूळच्यापेक्षा बरा. मी सून होऊन आले तेव्हा माझ्या आईच्या कालवणाचीही अशीच उलटतपासणी झाली. पुढे त्या ते इतकं छान करू लागल्या की माहेरची आठवण काढायला माझ्याकडे एक कारण कमी उरलं.

थोरले भाऊजी, म्हणजे त्यांचे यजमान, आगबोटीवर खलाशी होते. वाड्यातले बाकीचे पुरुष होडी लावून घरी येत. हे गृहस्थ कधीतरी वर्षा-दीड वर्षाने उगवत. तीस सालाच्या पुढेमागे असेच आले, ते हिवताप घेऊन. ताप उतरला, पण अन्नावरची वासना गेली. ताट समोर आलं की तोंड फिरवीत. गडी दिवसेंदिवस वाळत चालला. अलिबागच्या डॉक्टरांनी साफ सांगितलं, औषध देऊन झालं, आता पोटात अन्न गेलं तरच माणूस उठेल. जिच्या हातचं खायला सगळी आळी टपलेली, तिच्याच घरातला माणूस उपाशी. जाऊबाई त्याबद्दल चकार शब्द काढत नसत, फक्त भांडी फार जोरात घाशीत. आमच्या चुली वेगळ्या होत्या पण भिंत एकच, त्यामुळे मला ते ऐकू येई.

एका दुपारी भाऊजी आपणहून बोलले. मेक्सिकोच्या एका बंदरात त्यांची बोट दुरुस्तीसाठी अडकून पडली होती. धक्क्यावर एका बाईची खाणावळ होती. तळलेली मासळी मागवली की तिच्या बाजूला बशीत एक तोंडीलावणं येई. "काला दाना. शिजवायचा, ठेचायचा, मंग परत तव्यावर परतायचा. मासली राह्यली तरी चालंल, पन ते मी बशी चाटून खायाचो. तसं बोटभर मिललं तं खाईन."

जाऊबाईंनी नेहमीचा प्रश्न टाकला. भाऊजींनी डोळे मिटले. "धुराचा वास राह्यचा. आन जिभेला चिकटून कायतरी राह्यचं."

झालं, बाईंना तेवढं पुरे होतं. वालापासून सुरुवात केली, तो कडवट लागला. चवळी गोडसर झाली. मग कुठून कोण जाणे, काळा घेवडा पैदा केला आणि तोच बरोबर ठरला. "मेक्सिकोला घेवडाच खातात," असं त्या ज्या थाटात सांगत, त्यावरून मेक्सिको रेवदंड्याच्या जरा पलीकडे असावं असं ऐकणाऱ्याला वाटे. बायका त्यांना मेक्सिकोवाली म्हणून चिडवू लागल्या. त्यांनी ते नाव नथीसारखं मिरवलं. भाऊजी मात्र बोट लावून चाखत आणि मान हलवत. "जवल आलंय. पन ते न्हाय."

मग त्यांना एक शब्द आठवला. तव्यावर काय टाकतेस, असं त्यांनी त्या खाणावळवालीला खुणेनं विचारलं होतं, तेव्हा ती म्हणाली होती, मांतेका. कोर्लईच्या किरिस्तावांच्या घरात पोर्तुगीजांची बोली अजून बोलतात, हे आम्हांला ठाऊक होतं. तिथली मारीबाय अलिबागच्या बाजारात आमच्या मासळीच्या टोपल्यांजवळच भाजी घेऊन बसे. जाऊबाईंनी विचारताच ती म्हणाली, "मांतेग? लोनी गो, दुसरं काय?"

लोण्यापायी गवळ्याकडे माझ्या खेपा सुरू झाल्या. त्यात परतलेला घेवडा इतका सुरेख लागे की शेजारणी वाट्या घेऊन येत. ज्याच्यासाठी चाललं होतं तो माणूस मात्र घासभर खाऊन आडवा होई. "ते न्हाय," एवढंच म्हणे. आता त्यांना उठून बसवायलाही आधार द्यावा लागे.

काही दिवसांनी मारीबायचा भाऊ बोटीवरून आला. तोही त्या मुलखात राहून आलेला. बहिणीनं सांगितलेला अर्थ ऐकून तो हसतच सुटला. त्या बंदरात मांतेका म्हणजे लोणी नव्हे, डुकराची चरबी. मारीबायनं ओशाळून ते आम्हांला बाजारात सांगितलं. मला वाटलं, संपलं सगळं. आमच्यात डुकराचं नावसुद्धा घरात काढत नाहीत. जाऊबाईंनी आधी टोपली रिकामी केली. मग मारीबायला म्हणाल्या, "उद्या येशील तवा वाटीभर आन." परतीच्या वाटेवर मला म्हणाल्या, "धाकटे, देवीला मी सांगते. समद्या आलीला तू सांग."

दुसऱ्या दिवशी त्यांनी परसात दगडांची चूल मांडली, कोरा मातीचा तवा ठेवला. कुणी विचारलं की मी खरं ते सांगत होते. एकीनं नाक मुरडलं, दुसरीनं आपली घागर उचलून लांब ठेवली. जाऊबाईंनी मान वर केली नाही. धुराचा वास घेवड्यात उतरेपर्यंत त्या परतत राहिल्या. मग बोट बुडवून स्वतः चाखलं. मी दचकले, तशा म्हणाल्या, "न चाखता मी कुनाला वाढलंय कंदी?" मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं.

भाऊजींनी घास घेतला, गिळला आणि डोळे मिटून बसले. "हेच," ते म्हणाले. "हेच ते." आणखी एक घास घेतला आणि बशी हलकेच बाजूला सारली.

"काय झालं?" जाऊबाईंनी विचारलं.

"काय न्हाय. याचं बास झालं. आता आपला भात दे. बांगड्याचं कालवन हाय का?"

"भात न्हाय," जाऊबाई कशाबशा म्हणाल्या. "आज भात टाकलाच न्हाय."

मी धावत जाऊन माझ्या चुलीवरची भात-कालवणाची पातेली उचलून आणली. भाऊजी जेवले. परत मागून घेऊन जेवले. जाऊबाई भिंतीला टेकून पाहत होत्या, आणि पाहता पाहता पदरात तोंड घालून रडू लागल्या. इतक्या महिन्यांत मी त्यांच्या डोळ्यांत पाणी पाहिलं नव्हतं.

"जाऊबाई, जेवतायत की ते," मी म्हटलं. "आता कशाला रडता?"

"आता सवड झाली गो," त्या म्हणाल्या.