दोन बोटं वर नेम धरणाऱ्या सुनंदाताई

सुनंदाताईंशी माझी पहिली ओळख झाली ती भांडणातून, आणि तेही बंदुकीच्या गोळीवरून! पेणच्या शाळेत मी मराठी शिकवायचो. ताई विज्ञानासाठी नुकत्याच रुजू झाल्या होत्या. मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीत मी माझ्या लाडक्या वीररसात रंगलो होतो. "गोळी सुटली की सरळ रेषेत शत्रूच्या छातीत!"

"सरळ नाय जात हो सर," कोपऱ्यातून आवाज आला. "नळीतून निघाली की लगेच पडायला लागते."

मी हसलो. ताई उठल्या. गणपतीच्या कारखान्यातून चित्रकलेच्या तासाला आणलेल्या शाडूचे त्यांनी दोन गोळे वळले. एक टेबलाच्या कडेवरून नुसता सोडला, दुसरा त्याच उंचीवरून, त्याच क्षणी आडवा भिरकावला. थप्प! दोन्हींचा मिळून एकच आवाज. काय सांगू, आजही अंगावर काटा येतो! सगळ्या पाठ कवितांत मला जे सापडलं नव्हतं, ते त्या ओल्या मातीत होतं.

"मग पॉइंट ब्लँक म्हणजे? छातीला नळी टेकवूनच ना?" मी हट्टाने विचारलं.

"ते सिनेमात. जिथवर गोळीची घसरण इतकी थोडी की नेम वर न उचलताही ती लक्ष्यात बसते, तेवढं सगळं अंतर पॉइंट ब्लँक. लक्ष्य बारीक, तर अंतरही आखूड."

शाळेच्या मुलींचं नेमबाजीचं पथक ताईंनीच उभं केलं. शिस्त कडक. एकदा मी रिकामी बंदूक गमतीने खिडकीतल्या कावळ्यावर रोखली. "सर, खाली ठेवा! तुम्ही कविताच म्हणा," ताई सर्वांदेखत कडाडल्या. संध्याकाळी मात्र घरी बोलावून त्यांनी गरम घावन वाढले.

पण ताई खऱ्या कळल्या त्या रोह्याला, जिल्ह्याच्या निवडीच्या दिवशी. आमच्या पथकातल्या वासंतीचे वडील धाटावच्या कंपनीतून रात्रपाळी उतरून थेट मैदानावर आले होते. त्यांनी आधीच बजावलं होतं, "आज नाय जमला तर उद्यापासून बंदूक बंद. घरात काम काय थोडा हाय?"

सरावाच्या सगळ्या गोळ्या काळ्या वर्तुळाच्या खाली गेल्या. वासंतीचे डोळे भरले.

"हात कापतो तिचा, बघा ना बाई," वडील म्हणाले.

ताईंनी दुर्बिणीला डोळा लावला. "हात कापला असता तर भोकं इकडेतिकडे सांडली असती, भाऊ. ही तर एका रुपयाखाली झाकतील! चूक माझी हाय. आमचं पेणचं मैदान आखूड. बंदुकीचा नेम मी तिथल्या अंतराला लावलेला. इथं अंतर लांब, पृथ्वीला गोळी ओढायला वेळ जास्त मिळाला." मग वासंतीकडे वळून म्हणाल्या, "दोन बोटं खाली जाते ना गो? मग दोन बोटं वर धर. रडतेस काय?"

वासंतीने डोळे पुसले, श्वास रोखला. गोळी मधोमध! पुढचीही! मी तर शाळकरी पोरासारखा ओरडलो. नावं पुकारली गेली, त्यात वासंतीचं नाव होतं. वडील ताईंजवळ आले. मग हळूच म्हणाले, "बाई, आता हिला परत कधी आणू?"

ताईंना आता पंच्याहत्तर वर्षं पूर्ण होत आहेत. पृथ्वी कुणासाठी ओढायची थांबत नाही. माझे गुडघे रोज साक्ष देतात. ताई, निरोगी शंभरी गाठा, आणि आम्ही घसरू लागलो की असंच दटावत राहा: रडता काय, दोन बोटं वर धरा!